‘वस्तरा फिरवला’ की ‘वस्तरा चालवला’ : हद्दपारी थांबवण्यासाठी एका न्हाव्याचा अर्ज

प्रति,
मा. न्यायाधीश महोदय,
आश्रय-अपील न्यायालय.

विषय : हद्दपारीस तातडीने स्थगिती मिळणेबाबत व दुभाषा बदलून माझा जबाब पुन्हा नोंदवणेबाबत.

संदर्भ : परकीय नागरिक कार्यालयाचा आश्रय नाकारणारा आदेश, तसेच ‘ओळखपत्र नेण्यास एकट्याने हजर राहावे’ ही त्याच कार्यालयाची सूचना.

महोदय,

१. मी व्यवसायाने न्हावी आहे. मायदेशी तुरुंगातील कैद्यांचे केस उतरवण्याचे काम माझ्याकडे होते. केस उतरले की खालचे वळ, टाके, चटके उघडे पडत. पाहिलेले बाहेर बोलायचे नाही, अशी मला तंबी होती. एका मृत कैद्याच्या आईने मला भर रस्त्यात गाठले. “माझा मुलगा पाय घसरून पडला म्हणतात. तुम्ही त्याचं डोकं पाहिलंत ना?” असे तिने विचारले. मला खोटे बोलवले नाही. तिच्या वकिलापुढे मी जे पाहिले ते सांगितले आणि त्यानंतर मी, पत्नी व पत्नीची वृद्ध मावशी असे आम्ही तिघे देश सोडून इकडे आलो.

२. येथे माझा जबाब दुभाष्यामार्फत घेण्यात आला. अधिकारी आत येण्यापूर्वी या गृहस्थांनी मला पाण्याचा पेला दिला आणि “तिकडे मागे कोण राहिलंय? भाऊ का? कुठल्या गल्लीत?” अशी आपुलकीने चौकशी केली. आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून मी भडाभडा सांगून मोकळा झालो. हा प्रश्न कार्यालयाच्या कोणत्याही कागदावर नाही. पुढे थोड्याच दिवसांत माझ्या भावाला त्याच गल्लीतून उचलले. या दोहोंचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. संबंध नाही, हेही मला कोणी पटवून दिलेले नाही.

३. जबाबात मी म्हणालो, “मी कैद्यांच्या डोक्यावर वस्तरा फिरवत असे.” आदेशात आले, “अर्जदार कैद्यांवर वस्तरा चालवत असे.” मी म्हणालो, “त्या खुणा मी पाहिल्या.” आदेशात आले, “त्या खुणा मी केल्या.” एकच शब्द हुकला असता तर मी ती घाईगडबड समजलो असतो. येथे दोन्ही शब्द एकाच बाजूला झुकले आहेत. छळ करणाऱ्याला आश्रय देता येत नाही, असे आदेशाच्या शेवटी नमूद आहे, म्हणजे झुकायचे कुठे हे ठाऊक असणाऱ्यानेच ते झुकवले, असा माझा संशय आहे.

४. आदेशापाठोपाठ ओळखपत्र नेण्याची सूचना आली. ज्याला देशाबाहेर काढायचे त्याला नवे ओळखपत्र कशासाठी, हे मला उमगेना. आमच्या खालच्या मजल्यावरील शिंपीही असेच ओळखपत्र आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी ताट झाकून वाट पाहत बसल्या आणि फोन आला तो विमानतळावरून, “मला चढवतायत, पोरांना सांभाळ,” एवढाच. म्हणून मी कार्यालयात गेलो नाही, समोरच्या बसथांब्यावर उभा राहिलो. पुढच्या दाराने माणसे आत जात होती. मागच्या फाटकातून पडदे ओढलेली गाडी बाहेर पडली.

५. त्यानंतर मी काम करतो त्या केशकर्तनालयात दोन इसम आले. एकाने दाढी करा म्हणून सांगितले, पण त्याच्या गालावर दाढी नव्हतीच. आरशात तो स्वतःकडे न बघता दरवाजाकडे बघत होता. तो माणूस खरोखरच हौशी असू शकतो, हे मी नाकारत नाही. मात्र मालकीणबाईंनी मला आत बोलावून सांगितले, “मागच्या दारानं निघा, आणि घरी जाऊ नका.” मी पत्नीला व मावशींना निरोप धाडला आणि आम्ही तिघेही थेट न्यायालयाच्या या इमारतीत आलो आहोत. माझे वकील परगावी आहेत, असे त्यांच्या कार्यालयातून कळते. तेही खरेच असावे.

६. या आदेशाने माझ्या घरात काय केले हेही नोंदले जावे. मला येथील भाषा वाचता येत नाही. आदेश पत्नीने वाचून दाखवला. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, “खरं सांगा, तुम्ही तिथे नक्की काय करत होतात?” इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असे कधी विचारले नव्हते. मी सांगितले, पण ती माझ्या हातांकडे बघत राहिली. तेव्हा मावशी उठल्या, माझ्यासमोर खुर्ची ओढून पाठमोऱ्या बसल्या आणि पदर खाली घेऊन म्हणाल्या, “जावईबापू, मानेवरचे केस फार वाढलेत. काढा. वस्तऱ्यानंच काढा.” मी वस्तरा घेतला आणि त्यांच्या मानेवर फिरवला. त्या जराही हलल्या नाहीत.

७. तरी विनंती की,
(अ) अपिलाचा निकाल लागेपर्यंत आम्हा तिघांना देशाबाहेर पाठवू नये व ताब्यात घेऊ नये;
(आ) स्थगितीचा आदेश माझ्या हातात द्यावा, सदर कार्यालयामार्फत पाठवू नये;
(इ) माझा जबाब दुसऱ्या दुभाष्यापुढे पुन्हा घ्यावा व तो मला माझ्या भाषेत वाचून दाखवावा;
(ई) अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास तोही नकार त्या आधीच्या दुभाष्याच्या तोंडून ऐकवू नये.

आपल्या दालनाबाहेरील बाकावर थांबलेला,
आपला नम्र,
अर्जदार (अंगठा नव्हे, सही केली आहे)

दिनांक : आजचाच, न्यायालय सुरू असताना.

सोबत : आदेशाची प्रत, सूचनेची प्रत, लिहून देणारीचे निवेदन, खालीलप्रमाणे.

निवेदन : वरील अर्ज माझ्या पतीने सांगितला व मी या देशाच्या भाषेत लिहिला. एकही शब्द माझ्या पदरचा नाही. परिच्छेद सहा लिहायला माझा हात धजत नव्हता. “ते राहू दे,” असे तेही म्हणाले. ते घडले आहे, म्हणून मी लिहिले आहे.

अर्जदाराची पत्नी