आईची पाठ

तळ्याकाठचं घर, कुओपियोजवळ
शनिवार, १८ जुलै

प्रिय राइया मावशी,

मी ठीक आहे. इथे नवे बटाटे निघालेत. स्ट्रॉबेरी निम्मी पक्ष्यांनीच फस्त केली. होडी गळतेय, तिचंही काहीतरी बघायला हवं.

गुरुवारी अ‍ॅप्रन खुंटीवर टाकून तरातरा निघून आले, त्याची माफी मागायला लिहीत नाहीये.

मे महिन्यात तुझ्या त्वचेच्या दवाखान्यात शिकायला आले तेव्हा मला सगळे तीळ सारखेच दिसायचे. तूच शिकवलंस, "कडा बघ. रंग एक की दोन? जुन्या फोटोशी ताडून बघ." दोन महिन्यांत नजर बसली. आणि नजर बसली तशी आईची पाठ आठवायला लागली. दर शनिवारी सॉनाच्या वाफेत अंघोळ करताना मीच घासायचे ना ती! उजव्या खांद्याखालचा तो काळा, कडेला निळसर झालेला डाग. मी तेव्हा सोळा वर्षांची, मला काय कळणार? पण आमच्या मागे, वरच्या फळीवर, तू बसलेली असायचीस.

वाफेत तुला तो दिसला नसेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. तर गुरुवारी कॉफी पिताना तुझी पिर्को नर्स कौतुकानं सांगायला लागली, "तुझ्या मावशीची नजर म्हणजे घारीची! पोहायला गेलो होतो, तर माझ्या नवऱ्याच्या पोटरीवरचा तीळ बघून दहा पावलांवरून ओरडली, 'सोमवारी या, नाहीतर घरी येऊन उचलून नेईन!'" तिचा नवरा आज ठणठणीत आहे.

तुला विचारलं, तर तू खोटंसुद्धा बोलली नाहीस. "दिसला होता गं. मिडसमरचा सण होता. सॉनात दुखणी काढायची नाहीत, हा आमच्या आईचा नियम. म्हटलं, सण होऊन जाऊ दे. मग सुट्ट्या लागल्या..."

मग तिला तपासायला ऑक्टोबर उजाडला, मावशी! परक्या माणसासाठी चारचौघांत ओरडलीस आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस. आई गेली तेव्हा मी तुझ्याच कुशीत रडले. तेव्हाही तुला सगळं माहीत होतं. केसानं गळा कापलास माझा.

इथेच थांबणार होते. पण एक राहिलंय.

यंदा जूनमध्ये, मिडसमरला, सॉनात रिवाजाप्रमाणे मी तुझ्या पाठीवर बर्चच्या डहाळ्या मारत होते. तुझ्या डाव्या खांद्याखाली एक डाग आहे. वाटाण्याएवढा, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन. तुला तो दिसणं शक्यच नाही. मी पाहिला. म्हटलं, सॉनात कुठे काढायचं, आणि मी शिकाऊ पोरगी, चुकतही असेन. सांगू नंतर. चार आठवडे झाले. गुरुवारी तर अगदी ओठांवर आलं होतं, ते मी मुद्दाम गिळलं. भोग म्हणावं आपल्या कर्माची फळं, असं वाटलं मला. खरंच वाटलं. त्यानंतर दोन रात्री झोपले नाही.

पिर्को बाहेर गाडीत थांबलीय, पत्र तिच्याच हाती देतेय. सोमवारी सकाळी आठला पहिलं नाव तुझं लावलंय. तपासायला दुसऱ्या डॉक्टर येणार आहेत, फोटो मी काढीन. "सुट्टी आहे, नंतर बघू" म्हणालीस तर घरी येऊन उचलून नेईन.

तुला माफ केलेलं नाही. पण तू ये.

तुझ्या बहिणीची मुलगी,
हिल्ला