उशाशी टांगलेला बिल्ला

२ जानेवारी

बिल्ला पुन्हा पडला! सूनबाई केर काढते की कुस्ती खेळते, देव जाणे. (लिही गं सूनबाई, मी सांगते ते सगळं, हेही लिही. लिहिता येतं म्हणून गाळायचा हक्क मिळत नाही.)

बिल्ला माझ्या मुलाचा. मोठाल्या लोखंडी पाइपांचे सांधे पक्के जुळलेत का, ते किरणांनी आरपार फोटो काढून बघायचं, हे त्याचं काम. माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते या बिल्ल्यात साठतं. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो, नवा येतो. जो आकडा निघेल तो माणसाच्या नावावर जन्मभरासाठी चढतो. आकडा फार निघाला तर सरकारला कळवावं लागतं आणि माणसाला कामावरून बाजूला करतात.

बिल्ला छातीला लावायचा असतो. आमचा लटकतो माझ्या पलंगाच्या दांडीला, उशीच्या वर. सगळ्या कामगारांचे असेच घरी. त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यानेच ही शिकवण दिली. बोलण्याआधी खाकरतो म्हणून मी त्याला खाकरे म्हणते. "हंऽ, बिल्ले जपा. साइटवर कशाला न्यायचे? उगाच आकडे, उगाच चौकशा." सात वर्षं झाली, या बिल्ल्यावर माझ्या घोरण्याशिवाय काही पडलेलं नाही. रेकॉर्ड कसं धुतलेलं! खाकरेला त्याबद्दल ढाल मिळाली म्हणे, काचेची.

१० जानेवारी

आले एकदाची दवाखान्यातून. गळ्यातल्या गाठीवर एकच गोळी दिली. शिशाच्या डबीतून, लांब चिमट्याने! म्हटलं, "बाबा रे, औषध देतोयस की विंचू?" डॉक्टर म्हणाला, "आजी, काही दिवस तुमच्यातून किरण बाहेर पडतील. वेगळं झोपा, कुणाला जवळ घेऊ नका." या वयात रांग लागली होती ना!

सूनबाई दाराबाहेर स्टूल टाकून लिहिते. मी आतून ओरडते. शेजाऱ्यांची फुकट करमणूक.

१३ जानेवारी

भिंत. पंखा. मी. निजून निजून पाठ सपाट झाली.

११ एप्रिल

बिल्ल्याचा आकडा आला. इतका मोठा, की खाकरे फोनवर खाकरायचं विसरला!

मुलाला भर दुपारी घरी धाडलं. कामाचं कार्ड काढून घेतलं. ते कार्ड नसलं तर दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. सूनबाई रडवेली. "अहो, तुम्हाला काही होतंय का? मळमळ? चक्कर?" तो पलंगाच्या दांडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"आई, जानेवारीत तू इथेच झोपत होतीस?"

"नाही, झाडावर."

मटकन खाली बसला आणि हसत सुटला. माझ्या गळ्यातल्या गोळीचे किरण त्याच्या बिल्ल्यात! आम्हीही हसलो. आधी सूनबाई थांबली.

१४ एप्रिल

खाकरे घरी आला. कागद छापूनच आणलेला. सूनबाईने वाचून दाखवला - "मी माझा बिल्ला निष्काळजीपणाने किरणांच्या पेटीजवळ विसरलो. चूक माझी एकट्याची."

"हंऽ, सही केली की आकडा बाद होतो. दोन-तीन महिने घरी बस. मग बघू."

मी म्हटलं, "हा विसरणार? हा मळके कपडेसुद्धा घडी घालून धुवायला टाकतो!"

"आजी, तुम्ही यात पडू नका."

पडू नका! त्या बिल्ल्यात मीच तर पडले होते. आणि ढाल त्याची, चूक मात्र आमची एकट्याची.

मुलगा म्हणाला, "आई, गप्प राहा ना जरा. खरं सांगितलं तर कार्ड कायमचं जाईल." सही केली त्याने. माझ्या पोटच्या पोराला स्वतःला गबाळा म्हणवून घेताना पाहिलं. जेवण गेलं नाही.

२८ एप्रिल

सरकारी तपासणीची बाई आली. चष्मा, सपाट चपला, चहा नको. मुलाला तेच तेच विचारत होती. पेटी कुठे होती? बिल्ला कोणत्या खिशात? तो पोपटासारखा कागदातलं बोलत होता. घामाने कॉलर ओली.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, तो आकडा माझा आहे. गोळी मी गिळली. बिल्ला माझ्या उशाशी होता. या पोराच्या अंगाला त्यातलं काही लागलेलं नाही, त्याला कामावर घ्या." दवाखान्याचा कागदही दाखवला.

बाईने पेन खाली ठेवलं. "आणि त्याआधी कुठे असायचा बिल्ला?"

"इथेच. सात वर्षं."

"मग सात वर्षांत यांच्या अंगावर किती पडलं, ते कुठे लिहिलंय?"

 सूनबाई उठून गळणारा नळ घट्ट करायला गेली.

बाई म्हणाली, रक्त तपासावं लागेल; पेशींमध्ये किरणांच्या खुणा राहतात, त्यावरून आकडा काढता येतो.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू माझ्या पोटावर पाय दिलास."

३ मे

मुलाचं रक्त घेतलं. बोलत नाही माझ्याशी. पाणी मागायचं झालं तरी सुनेमार्फत. सूनबाई टपालखात्यासारखी फिरते.

१९ मे

खाकरेची बदली. बढतीवर! ढाल बरोबर घेऊन गेला असेल.

२६ मे

मुलगा ओट्याशी उभं राहून सुनेला म्हणत होता, रक्त साफ निघालं तर ती तपासणीची बाई कार्डासाठी शब्द टाकेल. भिंतीला सांगावं तसं, पण मला ऐकू येईल अशा आवाजात. निघणारच साफ. धडधाकट आहे, दोन जिने एका दमात चढतो. आकडा माझा होता, त्याचा नव्हता. मी हजारदा सांगेन.

९ जून

रक्ताचा निकाल आला. त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे.

किती, ते मी सांगितलं. सूनबाई लिहीत नाही.

राहू दे गं. या खेपेला सरकारने लिहिलाय, त्याच्या नावावर.