चार मतांची दाढी

न्यूयॉर्क,
सोमवार, ७ डिसेंबर १८७४

प्रिय हनोराताई,

तुला आणि भावोजींना बार्टचा नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्यात तू जे सुनावलंस ते सगळं मला लागू आहे. इकडे आम्ही बरे आहोत. थंडीने तुझ्या वहिनीचे, पेगचे, गुडघे धरलेत, पण तोंड सुरू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. दुकानात नवी खुर्ची आणली, मान टेकायला मागे गादी असलेली. गिऱ्हाईक तीत बसलं की झोपतं आणि त्याला उठवायची पंचाईत होते.

गाय विकावी का, असं तू विचारलंस. उन्हाळ्यापर्यंत तरी विकू नकोस. यंदा ओवेनकडून काही येईल असं धरून चालू नकोस.

आता तुझ्या ओवेनबद्दल. प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर मिळतं. दारू पीत नाही, तसा आता प्रश्नच येत नाही. तो पत्र का लिहीत नाही हे सांगायला मी कितीदा कागद पुढे ओढला आणि परत ठेवला. ताई, तो तुरुंगात आहे. त्याने कुणाला मारलेलं नाही, कुणाचं काही उचललेलं नाही. सगळं वाच, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. हे पत्र फादरना मात्र दाखवू नकोस.

आमच्या वॉर्डात टिअर्नीसाहेबांशिवाय पान हलत नाही. कोपऱ्यावर त्यांचा गुत्ता आहे, पण खरा धंदा माणसांचा. कुणाकडे मयत झालं की शवपेटीच्या आधी साहेब हजर. हिवाळ्यात कोळसा त्यांचा, नोकरी त्यांची आणि पोलीसही त्यांचाच. कायद्याने माझं दुकान रविवारी बंद हवं. पोलीस येतो आणि फुकट दाढी करून जातो. ओवेन बोटीतून उतरला आणि आठवड्याभरात फरसबंदीच्या कामावर लागला, तो साहेबांच्या एका शब्दावर. नागरिक व्हायला इथे पाच वर्षं राहावं लागतं. ओवेनला दीड वर्षातच कागद मिळाला. साहेबांचे न्यायाधीश एका दमात वीस-वीस जणांना शपथ देतात. बायबलपर्यंत ज्याचा हात पोचला तो अमेरिकन. या सगळ्याच्या बदल्यात साहेब फक्त मत मागतात. एकाने मात्र त्यांचं भागत नाही.

निवडणुकीच्या दिवशी माझं दुकान उजाडायच्या आत भरतं. ज्याची दाढी दाट, तो आधी दाढीसकट जाऊन मत देतो. मग मी हनुवटी साफ करून कल्ले ठेवतो, की तो दुसऱ्या नावाने जातो. नंतर कल्ले उतरतात, नुसती मिशी राहते. शेवटी मिशीही जाते. नावं साहेबांची माणसं पुरवतात, बहुतेक मेलेल्यांची. मी हे वर्षानुवर्षं करतो आहे आणि खरं सांगतो, मला त्यात कधी पाप वाटलं नाही. दुसऱ्या पक्षाचे लोकही तेच करतात, फक्त त्यांचा न्हावी वाईट आहे.

ऑक्टोबरात साहेब खुर्चीत बसले होते आणि ओवेन माझं जेवण घेऊन आला.

"हा कोण रे, बार्ट?"

"भाचा, साहेब. तुमच्याच फरसबंदीवर आहे."

"दाढी बघितलीस का त्याची? चार मतं आहेत नुसती त्या थोबाडावर."

ओवेन म्हणाला, "माझं एक आहे साहेब, ते देईन."

"एक काय, आमची म्हातारीसुद्धा देते," साहेब म्हणाले. "आणि ती बाई आहे, शिवाय वारलीय."

दुकान हसलं. मीही हसलो. घरी आल्यावर ओवेन म्हणाला, "मामा, मला नाही जमायचं हे." मी म्हटलं, "मत द्यायचंय रे, कुणाचा गळा नाही कापायचा. कामाला कुणी लावलं ते विसरलास का?" त्याला त्या खुर्चीत मी बसवलं, ताई. साहेबांनी नाही.

फरसबंदीवाल्यांची एक अडचण असते. उन्हातान्हात तोंड रापतं आणि दाढीखालची कातडी पांढरीच राहते. दाढी काढली की एका तोंडाची दोन तोंडं दिसतात. त्यावर मी कडक काळा चहा उकळून ठेवतो आणि पांढऱ्या भागाला फडक्याने चोपडतो. दरवर्षी निभतं. यंदा दुपारी पाऊस भुरभुरायला लागला, आणि मतदानाची रांग उघड्यावर. ओवेनची तीन मतं झाली होती. मी मिशी उतरवून चहा लावत होतो. तो म्हणाला, "मामा, बाहेर पाऊस आहे, राहू दे ना आता." साहेबांचा माणूस दारात घाई करत होता. पाऊस मलाही दिसत होता. मी म्हटलं, "टोपी पुढे ओढ आणि जा."

चहा कॉलरवर उतरला. दुसऱ्या पक्षाचा माणूस रांगेवर नजर ठेवून होता. त्याने ओवेनच्या गालावरून अंगठा फिरवला, हुंगला आणि म्हणाला, "दूध घालायचं राहिलं की रे." सगळी रांग हसली. पोलीस आपलाच होता, पण शेजारी पेपरचा बातमीदार उभा, त्यामुळे धरावंच लागलं. नाव विचारलं तेव्हा ओवेनने साहेबांच्या माणसाने दिलेलं चौथं नाव सांगितलं, थॉमस ग्रोगन.

मी धावत साहेबांकडे गेलो.

"यंदा वारं फिरलंय, बार्ट," ते म्हणाले. "कोर्टाला एक माणूस हवाच आहे. ग्रोगन म्हणूनच राहू दे त्याला, सहा महिन्यांत सुटेल. खरं नाव सांगितलं तर त्याचा कागद बाहेर निघेल, न्यायाधीश अडकतील, आणि पोराची दोन वर्षं जातील."

"आणि मी जाऊन सांगितलं, की त्याला मी बसवलं?"

"तर आत दोघं बसाल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याच्या स्वतःच्या मताची काळजी करू नकोस. ते आपण वाया जाऊ देणार नाही."

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. "थॉमस ग्रोगन" असा पुकारा झाला. ओवेनने उठण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, ऊठ म्हणून. तो उठला. सहा महिन्यांची सजा झाली.

खऱ्या ग्रोगनची बायको, डेलिया, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. तो तापाने गेला त्याला दोन वर्षं झाली. पेपरात नाव आलं तशी ती दुकानात आली, पुरुषांनी भरलेल्या दुकानात. म्हणाली, "जिवंतपणी कधी कुणाचं वाईट केलं नाही त्याने. मेल्यावर तुरुंगात घातलात." मला तिच्याकडे बघवेना.

तुरुंग नदीतल्या बेटावर आहे आणि भेटायला फक्त घरच्यांना सोडतात. मी ओवेन लिंचचा मामा, ग्रोगनचा कुणीच नाही. मला नावेत चढू दिलं नाही. मग डेलियाच गेली, ग्रोगनची बायको म्हणून, पाव आणि लोकरी मोजे घेऊन. परत आल्यावर म्हणाली, "पोरगं वाळलंय. सारखं मला 'बाई, बाई' म्हणत होतं. म्हटलं, डेलिया म्हण रे, नाहीतर मलाही ठेवून घेतील." पुढच्या रविवारीही ती जाणार आहे. मी तिला जायला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत एका जागेची पोटनिवडणूक आहे. परवा साहेबांचा माणूस एका दाढीवाल्याला घेऊन आला. तो ओवेन लिंच म्हणून मत देणार म्हणे. मी म्हटलं, याची दाढी माझ्या दुकानात होणार नाही. काल रविवारी पोलीस आला, पण खुर्चीत बसला नाही. दुकानाला कुलूप लावायला लावलं आणि गेला. पुढे काय होईल याची मला भीती वाटते, पेगलाही वाटते. पण कोर्टात जाऊन सगळं सांगायचं धाडस अजूनही मला होत नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. तू पोरगं माझ्या भरवशावर पाठवलंस. मला फार लाज वाटते, ताई.

तू त्याला पत्र लिही. डेलिया म्हणाली, तो तेवढंच विचारत होता, आईचं पत्र आलं का. पाकिटावर थॉमस ग्रोगन घाल, ओवेन लिहिलंस तर परत येईल. तिथला कारकून पत्रं फोडून वाचतो, म्हणून 'बाळ' लिहू नकोस आणि खाली 'आई' लिहू नकोस. ग्रोगनची आई केव्हाच वारली, हे त्या कारकुनाला माहीत आहे. ग्रोगनला गावाकडे एक थोरली बहीण आहे, तिचं नाव नॅनो. ते नाव खाली घाल. अक्षर तुझं आहे, ते ओवेन ओळखेल.

तुझा भाऊ आणि ओवेनचा मामा,
बार्ट