पेन्सिलीने उसनं दिलेलं कार्ड

मी टेबलाखाली पालथा पडलो होतो, पट्टी दातांत होती आणि साडू वरून टेबलाची मापं विचारत होता, तेवढ्यात त्याच्या मांडीवरची वही घसरून माझ्या नाकासमोर पडली. उघडीच पडली. पान त्याच्या मशीनचं होतं. पाचव्या ओळीत माझं ग्राफिक्स कार्ड होतं आणि ते शाईने लिहिलेलं होतं. टेबलाखालून बाहेर येताना माझं डोकं दोनदा आपटलं. एकदा चुकून, एकदा रागाने.

मामा, तुम्हाला नमस्कार करायचा राहिला. तो इथे करतो, दोघांच्या वतीने (बायको शेजारच्या खोलीत आहे, तिला हे पत्र मान्य नाही, नमस्कार मान्य आहे). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचं ऐकणं कसं आहे? यंत्र लावतात की अजून तुमच्याशी बोलताना काढून ठेवतात? आमच्याकडे प्रकृती ठीक. माझी एक तक्रार आहे, पण ती डॉक्टरला दाखवण्यासारखी नाही. एका डॉक्टरला दाखवली. तो दंतवैद्य निघाला आणि त्याने ती वाढवली. ते क्रमाने येईल. तुम्ही तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली आहे, तेव्हा क्रम सोडून सांगितलेलं तुम्हाला चालणार नाही.

तुम्हाला माहीत आहे, साडू लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी पुस्तकं बांधतो. दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतो आणि आम्ही कॉम्प्युटर जुळवतो. कागदावर. याला नऊ वर्षं झाली. वही एक, पानं दोन: डावं त्याचं, उजवं माझं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पंखे, कॅबिनेट, सगळं बाजारात असेल त्यातलं उत्तमातलं उत्तम. नवं काही निघालं की जुनं खोडायचं आणि त्यावर भांडायचं. किमतीचा रकाना नाही. पहिल्या वर्षी होता. एका रविवारी दोघांच्या याद्या मिळून या घराच्या किमतीच्या वर गेल्या, तेव्हा मी त्या रकान्यावर कापडी पट्टी चिकटवली. चांगली चिकटली आहे. (घरात खराही एक कॉम्प्युटर आहे. बायकोचा आहे, स्वयंपाकघरात स्टुलावर असतो, त्याचं एक बटण निघालेलं आहे आणि घरातली सगळी कामं त्यावर होतात. त्याचा विषय आम्ही काढत नाही.)

भांडणं कशावरून होतात हे तुम्हाला कळायला हवं, नाहीतर पुढचं पोरकट वाटेल. साडूचा जीव पॉवर सप्लायमध्ये. लिफ्टवर आठ माणसं लिहिलेली असली तरी दोर सोळांचा असतो, त्यामुळे मशीनला लागते त्याच्या दुप्पट वीज मिळालीच पाहिजे, असं तो नऊ वर्षं म्हणतो आहे. शिवाय त्याला थंड करायला पाणी हवं. नळ्यांतून पाणी फिरणार, मशीन आवाज करणार नाही. मी म्हणतो, पाणी आज ना उद्या गळतं. पंखे बरे. पंखा बंद पडला तर निदान बंद पडतो. माझा जीव मागच्या बाजूत. समोरून काच लावा, दिवे लावा, काहीही करा. मागे वायरी कशा बांधल्या आहेत यावर मशीन ठरतं. पुस्तकाचंही तसंच आहे. साडूच्या मते मागची बाजू भिंतीला टेकलेली असते आणि भिंत वाचत नाही. हे त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी दोन रविवार त्याच्याशी फक्त रॅमबद्दल बोललो.

आता नियम. एकच वस्तू दोन्ही पानांवर चालत नाही. दोघांनी तेच घेतलं तर दोघांचं मशीन तेच होईल, मग रविवारी करायचं काय? जो आधी लिहील त्याची वस्तू. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने उसनी मागायची. मागितली की मालकाच्या पानावर ती कंसात जाते आणि दुसऱ्याच्या पानावर पेन्सिलीने येते. पेन्सिल म्हणजे परत करायचं. शाई म्हणजे आपलं. नऊ वर्षांत यात कधी गडबड झाली नाही. मी त्याचे पंखे नेले, परत दिले. त्याने माझा मॉनिटर दोनदा नेला आणि दुसऱ्यांदा नेल्यापेक्षा मोठा आणून दिला.

तीन महिन्यांपूर्वी नवं कार्ड निघालं. बातमी मला आधी लागली आणि मी ते लिहिलं. साडूने आठ दिवसांसाठी मागितलं. त्याच्या मशीनचं काम पाणी घालण्यापर्यंत आलं होतं आणि त्याला सगळं एकदा चालवून बघायचं होतं. मी कंस केला. आठ दिवस झाले. मग महिना झाला. मागायला जीभ रेटेना, बायकोची बहीण आहे त्या घरात. आणि मग ते टेबल, ती वही, ती शाई.

साडूचं म्हणणं, पेन्सिल पुसट होत होती, त्याने फक्त जपलं. हे त्याने शांतपणे सांगितलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बोलतो तसं. मग म्हणाला, "तीन महिने तुझं मशीन बिनकार्डाचं आहे. तुला कळलं तरी का?"

मामा, मला कळलं होतं. रोज कळत होतं. कामावर सरस ढवळताना मध्येच आठवायचं की माझं मशीन चालू आहे, पंखे फिरताहेत आणि पडद्यावर काही नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझे हातच तसे आहेत, लिफ्टचं तेल लागलेलं, घेतलेलं सुटत नाही." तो उठला. टेबलाचं माप तसंच राहिलं.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "नसलेली वस्तू दिलीस, नसलेली वस्तू मागतोस, मग चेहरा एवढा खरा कशाला पाडतोस?" तिची बहीण रोज दुपारी येते आणि दोघी आमच्याबद्दल हसतात, असं मला भिंतीतून वाटतं.

मग मी तो दंतवैद्य मध्ये घातला. आमच्या जिन्याच्या तळाशी त्याचा दवाखाना आहे, माणूस सभ्य, दोघांचेही दात त्याच्याकडे. पंच म्हणून बोलावलं. त्याने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पण यावर करणार काय?" नऊ वर्षांत हा प्रश्न या खोलीत कोणी विचारला नव्हता. साडूने माझ्याकडे पाहिलं, मी साडूकडे पाहिलं. बोलणं बंद होतं, म्हणून दोघांनीही मान फिरवली. शेवटी साडू म्हणाला, "चालू करणार." दंतवैद्याने ते लिहून घेतलं.

चार दिवसांनी तो आला तो खोका घेऊन. खरं कार्ड. माणसाने जाऊन विकत आणलं होतं. त्याच्या मते वस्तूच नाही म्हणून भांडण आहे, वस्तू आली की भांडण संपेल (दातांच्या बाबतीत असं होत असेल). कार्ड विटेएवढं जड होतं आणि त्याला नव्या बुटांचा वास येत होता. टेबलावर ठेवलं. आम्ही दोघे दोन बाजूंना बसलो. कुणी हात लावला नाही. मग साडूने खिशातून मोजपट्टी काढली, धंद्याची सवय. एकदा मोजलं. परत मोजलं. पट्टी माझ्याकडे सरकवली. मी मोजलं.

ते बसत नव्हतं. त्याच्या कॅबिनेटमध्ये नाही आणि माझ्याही नाही. दोन बोटं लांब होतं. तीन महिने ते त्याच्या मशीनमध्ये होतं, त्याआधी माझ्या मशीनमध्ये होतं, आणि दोन्हीकडे ते झाकणाच्या बाहेर आलं असतं. बराच वेळ खाली ड्रिलचा आवाज येत होता (दवाखान्यात दंतवैद्याची बायकोही दात बघते). मग साडू दंतवैद्याला म्हणाला, "याला सांगा, कार्ड चुकीचं बनवलंय." मी दंतवैद्याला म्हणालो, "त्याला सांगा, मलाही तेच वाटतं." दंतवैद्याने दोन्ही निरोप तीन फुटांवर पोचवले, कार्ड खोक्यात घातलं आणि नेलं. त्याने ते आता एक्स-रेच्या मशीनला लावलं आहे. माझी दाढ त्यात ताटाएवढी दिसते.

मला वाटलं, मिटलं. पण साडूसाठी ते कॅबिनेट साधं नव्हतं. त्याच्या नळ्या, पाण्याची टाकी, सगळं त्या मापाने सहा वर्षं बसवत आणलेलं. कार्ड ठेवायचं तर कॅबिनेट जाणार, कॅबिनेट ठेवायचं तर कार्ड. आणि हे त्याला माझ्यासमोर कळलं. त्याने वहीतून आपलं पान फाडलं. फाडलं म्हणजे, माझ्यासमोर, शिवणीपासून. मी पुस्तकं बांधणारा माणूस आहे, मामा.

गेल्या रविवारी तो आला नाही. मी दोन खुर्च्या लावल्या, वही उघडली आणि एकटाच बसलो. पाण्याच्या बाजूने बोललो, मग पंख्यांच्या बाजूने बोललो. हरलो. अकरा वाजता बायको आत येऊन खोली झाडून गेली. त्याआधी रविवारी ती या खोलीत कधी आली नव्हती, कारण तिला बसायला जागाच नसायची.

साडू तुमचा शब्द मानतो. त्याच्या लग्नात हार कुणी कुठे उभं राहून घालायचा यावर तुम्ही जो तोडगा काढला होता तो तो अजून लोकांना सांगतो. म्हणून हे सगळं तुमच्या कानावर.

तुमचा भाचा

ता.क. : निकाल सोपा आहे. कार्ड आधी मी लिहिलं, कंस मी केला, शाई त्याची. कार्ड माझं, असं तुमच्या हाताने दोन ओळींत लिहून त्याच्या पत्त्यावर पाठवा. कोर्टात लिहायचात तशा अक्षरात.

ता.क. २ : वरचं वाचून पाहिलं. ते रद्द समजा. कार्ड त्याचं, असं लिहा. मी विचारलं होतं हे लिहू नका. तुम्हाला सहज वाटलं असं लिहा. त्यात हेही घाला की एक लांब कॅबिनेट मिळतं, त्यात कार्ड बसतं आणि पाण्याच्या टाकीला जागा उरते. मी शोधून ठेवलं आहे. माझ्या पानावर लिहिलेलं नाही, म्हणजे त्याला लिहिता येईल. पत्र शनिवारच्या आत पोचेल असं बघा. कार्डाचं जे काय व्हायचं ते होऊ दे. त्याने रविवारी यावं, एवढंच आहे.

ता.क. ३ : बायको म्हणते, मामांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात तेही माहीत नाही, ते निकाल काय देणार. मी म्हटलं, आमच्याकडे ती अडचण येत नाही.

सकाळी : पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून हेही लिहितो. पावणेआठला साडू कामावर जाताना आमच्या जिन्यात भेटला. भेटला म्हणजे उभाच होता. म्हणाला, विचार केला, पाणी नकोच, पंखेच बरे, तुझं बरोबर होतं. मी म्हणालो, मुळीच नाही, एवढ्या गरम कार्डाला पंखे पुरणार नाहीत, पाणीच हवं. तो म्हणाला, गळेल. मी म्हणालो, नीट बसवलं तर नाही गळणार. नऊ वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. शेजारच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि तिथली माणसं त्याला फोन करत होती. त्याने फोन घेतला नाही.