तीन थरांतली आई

४ फेब्रु.
शेजारच्या नानांचं रीळ माझ्याकडे स्कॅनिंगला आलं. नाना इथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज पाडली तेव्हा हा एकच डबा घरी आणला. झाकणावर 'कृष्णधवल'. आत व्हिनेगरचा वास, फिल्म कुजायला लागल्याचा. रिळाच्या शेवटी कागदाची चिठ्ठी अडकवलेली.
'तिथं आई आहे,' म्हणाले. वेळणेश्वरला शूटिंग झालं, ती बघ्यांत उभी होती. सहा सेकंद दिसते. नाना चार वर्षांचे असताना गेली. फोटो नाही.

६ फेब्रु.
स्कॅन झालं. झाकणावरचं वाचून एकरंगी सेटिंग ठेवलं. पदर दिसतो. चेहरा आकाशात विरलेला. फोकस तपासला, बरोबर आहे.

७ फेब्रु.
रीळ मशीनवर लावतानाच गुलाबी झाक दिसली होती. जुनेपणा म्हणून सोडून दिली. खरं तर काळा-पांढरा सिनेमा रंगीत फिल्मवर छापलाय. म्हणजे कृष्णधवल फिल्ममधली चांदी नाही, नुसते रंग. तेच चित्र तीन थरांत तीनदा. निळसर थर उडालाय, पिवळा अर्धा. किरमिजी शाबूत. मी तिन्ही एकत्र वाचले, म्हणून चेहरा विरला.
हिरव्या उजेडात फक्त किरमिजी वाचला तर चेहरा मिळेल. पण रीळ मशीनवर पुन्हा चालणार नाही, कालच्या ताणानं थर सुटायला लागलाय. एकेक फ्रेम हातानं काचेखाली दाबून घ्यावी लागेल. काच उचलताना चित्रच निघून येऊ शकतं.

८ फेब्रु.
नाना आंबे काढायच्या झेल्याचं जाळं विणत होते. सगळं सांगितलं. चूक माझी, हेही.
'काय गो, एवढी शिकलीस नि झाकण वाचून काम केलंस?'
मी विषय बदलला.
'तुम्ही हा सिनेमा इतक्यांदा दाखवलात. चेहरा आठवत असेल.'
'कुठला? ती यायची नि रीळ संपायचं. मी दुसऱ्या मशीनपाशी, पुढचं रीळ सुरू करायला. अख्ख्या थेटरानं बघितली तिला, मी सोडून.'
जाळ्याची गाठ मारली. 'एक फ्रेम घे. मी येतो.'

९ फेब्रु.
नाना दहाला आले. चप्पल बाहेर काढली, देवळात काढतात तशी.
चिठ्ठीपासून मागे मोजून एक फ्रेम निवडली. हिरवा दिवा, काच. काच सुटली, चित्र जागेवर राहिलं.
स्क्रीनवर चेहरा आला. गाल, कुंकू, उन्हानं आक्रसलेलं कपाळ. पापणी लवत होती नेमकी. डोळे मिटलेले.
नाना स्क्रीनकडे वाकले. मग, 'माझ्यासारखं नाक.' मग, 'पुढची घे.'
पुढच्या फ्रेमवर थर फुगलाय, काचेबरोबर निघून येईल असा. त्यांना दाखवला. 'बघितला,' म्हणाले, 'घे.'
काच पुसून ठेवली आहे. नाना खुर्चीतून हललेले नाहीत. मी अजून ती फ्रेमवर ठेवलेली नाही.