मास्तरांच्या सभेत हजर

माघ वद्य पंचमी, संध्याकाळ. कोपर.

आगगाडीने ठाण्याहून परत आलो. मास्तरांची एवढी मोठी सभा जन्मात पाहिली नव्हती. मांडवभर पगड्याच पगड्या. निबंध उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधला होता. महिनाभर खपून लिहिलेला. आमच्या शाळेतली आगऱ्यांची मुलं या दिवसांत आईबापांबरोबर मिठागरात राबतात, त्यांच्यासाठी शाळेची वेळ बदलावी, गैरहजेरीवरून त्यांची नावं काढू नयेत, एवढंच मागणं.

शाळा तपासणारे डेपोटी साहेब निबंध वाचायला एकेक नाव पुकारत होते. माझं आलं. मी ताडकन उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "हजर!"

सगळा मांडव हसला. साहेबही हसले. "मास्तर, हजेरी नव्हे, निबंध वाचा."

वाचायचाच होता की! पण उपरण्याची गाठ सुटेना. का मीच सोडली नाही? साहेब म्हणाले, "बरं, बसा." मी बसलो. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

लाज वाटायला हवी होती. तीही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

घरी हिने पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "वाचलंत ना? मुलांचं काय म्हणाले?"

"हसले," म्हटलं. उपरणं खुंटीवर आहे, गाठ तशीच.

उद्या शाळेत हजेरी घ्यायची. बारा नावांना उत्तर येणार नाही. महिनाअखेरीस ती नावं मीच माझ्या हाताने खोडायची.

आणि आज मी तिथे हजर होतो.