बेंजोवर बसलेला हात

बोईसर
ता. ३ फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

टायपिंगच्या दुकानाचं शटर आत्ताच वर केलं आणि चहाच्या ग्लासात गरम पाणी घेऊन डाव्या हाताची बोटं शेकत बसलो होतो. फोन असताना पत्र का, म्हणून घाबरू नकोस. मला सरावासाठी रोज एक पान टाइप करायचं आहे. वर्तमानपत्र उतरवून काढताना झोप येते, तुला लिहिताना येत नाही. पत्र तुमच्या गावच्या गोजरामावशी इथे मासळी विकून परतताना आणतील. वास आला तर तो माझा नव्हे.

झालं असं, की आमच्या दिग्विजयशेठना पालघरच्या कार्यालयांचं काम मिळालं आणि त्यांनी दुकानातले सगळे कॉम्प्युटर इन्स्क्रिप्ट या नव्या कळफलक-मांडणीवर टाकले. मी चार वर्षं जुन्या रेमिंग्टन मांडणीवर न बघता टाइप करणारा माणूस. तुझे मसाल्याचे डबे कोणी एका रात्रीत हलवले, तर तुझ्या कालवणाचं जे होईल ते माझ्या अर्जांचं झालं आहे. नव्या मांडणीत काना, मात्रा, वेलांट्या सगळं डाव्या हाताकडे. जोडाक्षर आलं की अक्षराचा पाय मोडायचा, तेही डाव्याच मधल्या बोटाने. माझा डावा हात आजवर घरच्या जावयासारखा बसून होता. त्याला एकदम कामाला लावलं, तर तो रुसला आहे.

एक मार्चला सकाळी दहा वाजता शेठ परीक्षा घेणार. मिनिटाला तीस शब्द झाले तर खुर्ची राहील. नाहीतर बाबांनी कुंभवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला माझं नाव सांगून ठेवलंच आहे. पॅकिंग वाईट नाही, पण दहावी नापास माणसाच्या शुद्धलेखनाला पगार देणारी खुर्ची मला ही एकच सापडली. आज माझा वेग अकरा. शेजारच्या टेबलावर अपेक्षा म्हणून मुलगी आहे, नगरकडची, तिचे वडील वीजकेंद्रात आहेत. ती हीच मांडणी शिकून आली आहे. म्हणाली, की तुमचं टायपिंग ऐकलं की नळ नीट बंद करावासा वाटतो.

भावोजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रदीप

*

दातिवरे
ता. ७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रदीप यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. बोंबलाच्या वासासकट मिळाले. शुद्ध एवढे होते, की मला वाटले सरकारी नोटीसच आली.

आता कळले तुझ्या बोटांचे. गेल्या रविवारी जेवायला आलास तेव्हा ताटावर, पाटावर, सासूबाईंच्या पेटाऱ्यावर तुझी बोटे नाचत होती. सासूबाई घाबरल्या. त्यांनी गोजरामावशीला विचारले, की पोराला काय झाला. मावशी म्हणाली, की बोईसरचा वारा बरा नाय, मीठमिरच्या ओवाळा. म्हणून तू निघताना मी तुला उंबऱ्यावर थांबवले होते. तुला वाटले मायेने थांबवले. मायेनेच, पण मुठीत मिरच्या होत्या.

तुझे भावोजी मात्र तुझ्या हाताकडे टक लावून होते. काल पत्र वाचून दाखवले, तर म्हणाले, की याचा डावा हात झोपलाय, त्याला आमी उठवतो. त्यांच्या मिथुन बेंजो पार्टीचा बेंजो तुला पाठवते आहे, टॉवेलात गुंडाळून, मावशीच्या टोपलीत. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या बोटांनी बटणे दाबायची. बटणे टाइपरायटरसारखीच आहेत. भावोजींचा निरोप असा, की बोटाकडे बघायचा नाय, नाचणाऱ्याकडे बघायचा. चुकला तरी हात थांबवायचा नाय, हळदीत कोण मागे जाऊन दुरुस्त करतो?

ती अपेक्षा तुला अहोजाहो करते का? सहज विचारले.

तुझी,
नलूताई

*

बोईसर
ता. १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

बेंजो पोचला. दोन खवले चिकटले होते, ते पुसले.

पहिले तीन दिवस खोलीतले सोबती उशा फेकून मारत होते. चौथ्या दिवशी मला एक चाल साधली आणि तेव्हापासून ते उत्तर प्रदेशचे दोघे भाऊ कामावरून आले की डबा उघडायच्या आधी म्हणतात, की भैया, वही वाला बजाओ. मला येतात तीनच चाली. त्यांना एवढ्या पुरतात.

वेग बावीसवर आला आहे. पण एक काळजी आहे. टाइप करताना माझी मान हलते. अपेक्षाने पाहिलं आणि विचारलं, की जमिनीच्या फेरफारात एवढं डोलण्यासारखं काय आहे. मी तिला बेंजोचं सांगितलं नाही. ती हसेल. हसली तर चांगली दिसते, तो भाग वेगळा. आणि हो, ती सगळ्यांनाच अहोजाहो करते. चौकशी केली.

तुझा,
प्रदीप

*

दातिवरे
ता. २५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रदीप यास आशीर्वाद.

घाईत लिहिते. भावोजींच्या डाव्या हाताच्या बोटाला चिंबोरी चावली, नांगीत धरून. चिंबोरी आम्ही कालवणात टाकली, पण बोट भाकरीएवढे सुजले आहे. त्यांची चुलतबहीण चिमी, तिची हळद अठ्ठावीसला आहे आणि दुसरा बेंजोवाला मोकळा नाही.

तुझी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आहे, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणालास तर मी तरी रुसणार नाही. चिमी रुसेल. ती म्हणते, की मोबाइलवर गाणी लावून हळद करायची तर मी नवराच बदलते.

तीनच चाली येतात, हे मी कोणाला सांगितलेले नाही.

तुझी,
नलूताई

*

बोईसर
ता. २ मार्च २०२५, रविवार

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

तू हळदीत एवढी नाचत होतीस, की माझं तोंड कसं झालं होतं ते तुला दिसलं नसेल. तिन्ही चाली अर्ध्या तासात संपल्या. मी भावोजींकडे पाहिलं, तर त्यांनी सुजलेलं बोट वर करून सांगितलं, की जोरात वाजव, लोकांना नवीन वाटेल. ताई, खरंच वाटलं. तुझ्या सासूबाई नाचल्या तेव्हा मी बोटांकडे बघायचं विसरलो. त्यानंतर काय वाजवलं ते मला माहीत नाही.

काल पहिल्या एसटीने निघालो. नखांत हळद होती, ती निघेना. दहा वाजता शेठनी घड्याळ लावलं आणि माझी बोटं लाकडासारखी झाली. पहिली ओळ अकराच्याच वेगाने गेली. दुसऱ्या ओळीत एक अक्षर चुकलं. मागे जाऊन दुरुस्त करणार होतो, पण हात थांबला नाही. मी थांबवलाच नाही. मग टेबलाखाली पाय ठेका धरू लागला, मान हलू लागली आणि पाणीपुरवठा योजनेचा ठराव चिमीच्या हळदीच्या चालीत गेला. डावा हात पुढे, उजवा त्याच्या मागे. वेग तेहतीस. तीन चुका. कोणत्या ते विचारू नकोस, अजून जेवण गोड लागत नाही.

शेठ म्हणाले, की खुर्ची तुझी, फक्त टेबल भिंतीला टेकवून घे, अपेक्षाची स्क्रीन हलते. बाबांना फोन केला. ते म्हणाले, की कुंभवलीवाल्यांना मी नाय सांगतो, तू जेवलास का.

आता मुख्य गोष्ट. काल संध्याकाळी शटर ओढताना अपेक्षाने विचारलं, की नखांत हळद कसली. मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं, मिरच्यांपासून चिंबोरीपर्यंत. ती शटर धरून खाली बसेपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, की माझ्या हळदीला याल का वाजवायला? मी विचारलं, की लग्न कधी आहे. ती म्हणाली, की नवरा अजून ठरलेला नाही, पण बेंजोवाला मला हाच पाहिजे, आणि तेव्हापासून तिने मला अरे प्रदीप म्हणायला सुरुवात केली आहे.

घाबरून सांगून टाकलं, की आमच्या पार्टीच्या तारखा भावोजी बघतात, त्यांना विचारून कळवतो. ती म्हणाली, की विचार, मी थांबते.

तरी भावोजींना विचारून मोकळ्या तारखा कळव. सगळ्या कळव. गोजरामावशींच्या टोपलीची वाट पाहू नकोस, फोन कर. आजवर लावलास तसाच जीव लाव.

तुझा,
प्रदीप